टस्कनीचा विला, बारा माणसं आणि मोठी सून

प्रश्न : यंदा माझ्या सासऱ्यांचा अमृतमहोत्सव आहे. हॉल, केटरर, शाल-नारळ यापेक्षा सगळे मिळून आठवडाभर कुठेतरी राहू, असं डॅलसच्या दिरांनी सुचवलं आणि इटलीत टस्कनीमध्ये एक विला पाहूनही ठेवला. टेकडीवरचं दगडी घर, सहा बेडरूम, स्विमिंग पूल, सायप्रसच्या झाडांची रांग. आम्ही बाराजण : सासू-सासरे, आम्ही चौघं, दिरांकडचे चौघं (धाकटा तीन वर्षांचा) आणि श्टुटगार्टची नणंद, तिचा नवरा. सासूबाई शाकाहारी, गुडघ्यांनी बेजार. दिरांना जुलै हवा, पण माझ्या मुलांची शाळा जूनमध्येच सुरू होते. भाडं सगळं मी भरतो, असं दीर म्हणतात. ते माझ्या यजमानांना लागलंय. ग्रुपवर रोज फोटो येतात, सगळे खूश. मी एकटी गप्प, कारण मला त्या फोटोंतलं स्वयंपाकघरच दिसतं. बारा माणसांचा चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण इटलीत जाऊन करायचं तर मी पुण्यातच बरी. पण तसं बोलले तर सगळ्यांच्या उत्साहावर विरजण घातल्याचं माझ्या नावावर लागेल. काय करू?
— मोठी सून, पुणे
ता.क. बरोबर प्रेशर कुकर न्यावा का?

उत्तर :

तुम्हाला फोटोत स्वयंपाकघर दिसलं, याचा अर्थ अख्ख्या ग्रुपवर ती जाहिरात नीट वाचणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात. तेव्हा गप्प बसू नका. फक्त काय बोलायचं आणि कुणाशी आधी बोलायचं, ते ठरवून बोला.

घोटाळा कुठे आहे तो आधी सांगते. आपल्याकडे विला म्हटलं की लोणावळा, कर्जत, अलिबाग डोळ्यांसमोर येतं. तिथं केअरटेकर असतो, त्याची बायको सकाळी पोहे करते, दुपारी भाकरी-पिठलं नाहीतर गावातून कोंबडी आणून रस्सा होतो, मुलं पाण्यातून बाहेर आली की कुणीतरी भजी आणून ठेवतं. त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात, पण घराबरोबर माणसं येणार हे आपण धरूनच चालतो. टस्कनीत घराबरोबर किल्ली येते. शनिवारी दुपारी मालक किंवा त्याचा माणूस भेटतो, पासपोर्ट पाहतो (तिथल्या कायद्यानुसार पाहुण्यांची नावं त्याला पोलिसांना कळवावी लागतात), शेगडी कशी पेटवायची, कचरा कुठल्या डब्यात टाकायचा हे सांगतो आणि निघून जातो. तो परत भेटणार पुढच्या शनिवारी सकाळी. मधे एखाद्या दिवशी चादरी-टॉवेल बदलले जातात, पूल साफ करणारा येऊन जातो. बाकी आठवडाभर घर तुमचं आणि सिंकमधली भांडीही तुमचीच. ऐषाराम आहे तो घराचा, पाण्याचा आणि समोरच्या दरीचा. नोकरचाकरांसकट मिळणारे विलाही तिथं आहेत, पण त्यांचा हिशेब निराळा. आणि दिरांनी पाठवलेल्या घरात तशी सोय असती, तर मालकाने ती जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत लिहिली असती.

त्यामुळे तुमची भीती ही कुरकुर नाही. ती खर्चाच्या अंदाजपत्रकातली राहून गेलेली एक ओळ आहे आणि ती तशीच मांडा. “मला तिथं स्वयंपाक करायचा नाही” असं ग्रुपवर लिहिलंत, तर चर्चा तुमच्या स्वभावावर जाईल. “सात रात्रींपैकी तीन रात्री घरी स्वयंपाकी बोलावू, दोन रात्री बाहेर जेवू, राहिलेल्या दोन रात्री दोघे भाऊ आणि जावई बघतील, स्वयंपाक्याचे पैसे भाड्यातच धरूया का?” असं लिहिलंत, तर चर्चा पैशांवर आणि तारखांवर होईल. दिवसाच्या जेवणाची तिथं फारशी काळजी नसते. ब्रेड, टोमॅटो, चीज, फळं, दही. ज्याला भूक लागेल त्याने उठून घ्यावं. खरी मेहनत रात्रीच्या जेवणाचीच.

पण हा मेसेज टाकण्याआधी जावेला फोन करा. डॅलसमध्ये धुण्याभांड्याची बाई नसते. वर्षभर ती घर, नोकरी आणि तीन वर्षांचं पोर सांभाळते. फोटोतलं स्वयंपाकघर तिलाही दिसलंच असणार. मोठ्या जावेने बोलायच्या आधी आपण कसं बोलावं, म्हणून तीही गप्प असेल. दोघींचं ठरलं, की नणंदेला सांगा. मेसेज शक्यतो नणंदेनेच टाकावा. लेकीने सुचवलेली गोष्ट आणि सुनेने सुचवलेली गोष्ट आपल्या घरांत कशी वेगवेगळी ऐकली जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

घरी येऊन रांधणारे स्वयंपाकी टस्कनीत सहज मिळतात. घर देणाऱ्या एजन्सीला किंवा मालकाला बुकिंगच्या वेळीच विचारलं, तर तोच नाव सुचवतो. ते बाजार स्वतः करून येतात, वाढतात आणि ओटा पुसून जातात. सासूबाईंचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. टस्कनीचं जुनं शेतकरी जेवण बरंचसं आपोआप शाकाहारी आहे, कारण तिथल्या शेतकऱ्याला मांस परवडतच नव्हतं. शिळ्या ब्रेडची आणि टोमॅटोची दाट पाप्पा अल पोमोदोरो, पावटा-राजम्याच्या जातीतल्या पांढऱ्या दाण्यांची आणि काळपट कोबीची रिबोलिता (ही दोन्ही सूपच), उन्हाळ्यातली पान्झानेल्ला ही ब्रेडची कोशिंबीर, आणि पिची नावाचे हाताने वळलेले जाड शेवयांसारखे दोर, जे परंपरेने नुसत्या पिठा-पाण्याचे, बिनअंड्याचे करतात. वर लसूण-टोमॅटोचा सॉस. सासूबाईंना हे आवडेल. ब्रेड मात्र अळणी लागेल. तिथं तो मुद्दाम बिनमिठाचाच करतात, तेव्हा भट्टीवाल्याला नावं ठेवू नका.

दोन ठिकाणी सावध राहा. रिबोलिता किंवा सूपमध्ये चवीला हाडांचं पाणी किंवा डुकराच्या मांसाचा तुकडा पडलेला असू शकतो, म्हणून “मांस नको” एवढं सांगून भागत नाही. रस्साही भाज्यांचाच हवा, असं स्वच्छ सांगा. दुसरं चीजचं. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या पोटातल्या रेनेटशिवाय, म्हणजे दूध गोठवणाऱ्या अर्काशिवाय, होतच नाही, तो त्याचा नियमच आहे. पुण्यात पिझ्झा-पास्त्यावर सासूबाई ते खात असतील तर प्रश्न नाही. पण त्यांना हे सांगायचं असेल, तर निघण्याआधी घरी सांगा. इटलीत, सगळ्यांसमोर, घास तोंडात असताना कुण्या हुशार नातवाने सांगायला नको. वनस्पतीजन्य रेनेटची चीजही मिळतात, स्वयंपाक्याला आधी कळवलं की तो आणतो.

आता त्या घराविषयी. दिरांनी पाठवलेलं ते दगडी घर कुण्या सरदाराचा वाडा असेल असं समजू नका. बहुधा ते कुळाचं घर असणार. टस्कनीत कित्येक शतकं मेझ्झाद्रिया म्हणून अर्धेलीची पद्धत होती. जमीन आणि घर मालकाचं, राबणारं कुटुंब कुळाचं, पीक निम्मं-निम्मं. शेतावरची ही घरं बारा-पंधरा माणसांच्या एकत्र कुटुंबासाठीच बांधलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण पोरं शहरांकडे आणि कारखान्यांकडे निघाली, 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले, घरं ओस पडली. मग इंग्रज, जर्मन आणि खुद्द मिलान-रोमच्या पैसेवाल्यांनी ती घेऊन दुरुस्त केली. त्या कुटुंबांत पुरुषांचा कारभारी वेगळा असे आणि चूल, कोंबड्या, कपडे, सगळ्यांची जेवणं बघणारी एक बाई असे, तिला मस्साइया म्हणत. तुम्हाला पुण्यात बसून जे पद नकोसं वाटतंय ते हेच.

हा इतिहास मी उगाच सांगत नाही, त्यात सासूबाईंचे गुडघे आहेत. या घरांत तळमजल्यावर गुरं आणि अवजारं असत, माणसं वरच्या मजल्यावर. वर जायला अनेकदा बाहेरून दगडी जिना. दुरुस्तीत गोठ्याची बैठकीची खोली झाली, झोपायच्या खोल्या मात्र वरच राहिल्या. जाहिरातीत “सहा बेडरूम” लिहिलेलं असतं, त्यांतली तळाला एकही नाही हे लिहिलेलं नसतं. म्हणून मालकाकडून घराचा नकाशा मागवा, मजल्यानिहाय. तळमजल्यावर झोपायची खोली आणि तिला लागून न्हाणीघर आहे का. न्हाणीघरात उंच कडेचा टब आहे की सपाट शॉवर. जिन्याला कठडा आहे का. पुलापर्यंत जायला खडी, उतार की पायऱ्या. हे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत आगाऊ रक्कम पाठवू नका. फोटो मागवाल तर जिन्याचा मागवा. सूर्यास्ताचे फोटो ते न मागता पाठवतात.

माझं मत विचाराल तर तुमच्या कुटुंबाने एकाकी टेकडीवरचा विला घेऊच नये. आग्रितुरिज्मो घ्यावं. म्हणजे चालू असलेल्या शेतावरची राहण्याची सोय. इटलीत यासाठी 1985 पासून कायदा आहे, सध्याचा 2006 चा, आणि त्यानुसार शेती हा मुख्य धंदा राहून पाहुणचार हा जोडधंदा असावा लागतो. यातली कित्येक ठिकाणं आपल्याकडच्या कृषी पर्यटन केंद्रांसारखी गोठा-गोबराची नाहीत, चांगली ऐटबाज आहेत : तोच दगडी वाडा, तेच सायप्रस, तोच पूल. फरक एवढाच, की एका मोठ्या घराऐवजी अंगणाभोवती तीन-चार स्वतंत्र बिऱ्हाडं असतात, प्रत्येकाला आपला छोटा ओटा. मालकाचं कुटुंब तिथंच राहतं आणि बऱ्याच ठिकाणी सांगून ठेवलं तर रात्रीचं जेवणही मिळतं. तुमची चार बिऱ्हाडं आपापला सकाळचा चहा आपापल्या ओट्यावर करतील. दिरांकडच्यांना अंडी-बेकन हवं असेल, तर ते सासूबाईंच्या चहाच्या भांड्याशेजारी होणार नाही. डॅलसहून आलेल्या मुलांची झोप पहिले दोन-तीन दिवस उलटीपालटी असते. ती पहाटे तीनला उठली तर त्यांच्याच बिऱ्हाडात उठतील. संध्याकाळी अंगणात लांब टेबल मांडून सगळे एकत्र. एका छपराखाली बारा माणसं आठवडाभर प्रेमाने राहतात, पण पाचव्या दिवशी कुणीतरी कुणाच्या तरी मुलाला ओरडतं. मधे भिंती असाव्यात. दिरांना खासगी पूलच हवा असेल, तर सबंध जागा आठवड्यापुरती आपल्यालाच मिळेल अशी छोटी आग्रितुरिज्मोही असतात. त्यांच्या फोटोत काडीचा फरक पडणार नाही.

जागा कुठे, हे घरापेक्षा महत्त्वाचं. टस्कनीतली गावं टेकड्यांच्या माथ्यावर वसलेली, दिसायला देखणी आणि चढायला कठीण. कोर्तोना आणि मोंतेपुल्चियानो गुडघेदुखीवाल्यांनी दुरून पाहावीत. पिएन्झा मात्र माथ्यावर असूनही आतून बऱ्यापैकी सपाट आहे. पोप पायस दुसरा याने 1459 पासून आपलं जन्मगाव मुद्दाम आखून बांधून घेतलं, त्यामुळे चौक, चर्च, वाडा सगळं हाकेच्या अंतरावर. सान क्विरिको द’ओर्चा तसंच सोपं. बुओनकोन्वेंतो तर दरीतच आहे, तटबंदीच्या आतलं सपाट गाव, शिवाय छोटं रेल्वे स्टेशन. या तिघांच्या आसपास, गावापासून गाडीने दहा मिनिटांच्या आत घर शोधा. व्हाल द’ओर्चाची ती प्रसिद्ध निसर्गचित्रं, ज्यांच्यासाठी 2004 मध्ये हे खोरं जागतिक वारशात गेलं, ती इथलीच. “गावापासून 8 किलोमीटर” वाचून फसू नका. त्यातले तीन किलोमीटर स्त्रादा बियांका, म्हणजे पांढऱ्या खडीचा कच्चा रस्ता असतो. दिवसा सुंदर, रात्री जेवून परतताना धुळीचा, वळणांचा आणि बिनदिव्यांचा. दूध संपलं म्हणून निघालेला माणूस तासाभराने परत येतो. आणि रविवारी दुपारी दुकान बंदही असू शकतं, दुपारची सुट्टी तर रोजचीच. चितळ्यांचं दुकान दुपारी बंद राहायचं तेव्हा पुणेकरांनी जगाच्या शिव्या खाल्ल्या, तेव्हा तुम्हाला हे जड जाऊ नये.

तारखांचा तिढा सुटण्यासारखा आहे. टेक्सासमधल्या बहुतेक शाळा मे अखेरीस सुटतात आणि आपल्याकडच्या जूनच्या मध्यावर भरतात. जूनच्या पहिल्या शनिवारपासून पुढचा शनिवार धरा. बहुतेक घरं हंगामात शनिवार ते शनिवारच मिळतात, म्हणून विमानाची तिकिटं त्या हिशेबाने काढा. तेव्हा गहू सोनेरी व्हायला लागलेला असतो, रात्री नऊच्या सुमारापर्यंत उजेड असतो, आणि जुलै-ऑगस्टपेक्षा ऊन आणि भाडं दोन्ही कमी. जुलैत पारा पस्तिशीपार जातो. दगडी घरांच्या भिंती जाड असल्या, तरी वरच्या मजल्यावर रात्री उकडतं आणि एसी सगळीकडे नसतो. दिरांच्या मनात सूर्यफुलांची शेतं असतील तर ती जूनच्या सुरुवातीला मिळणार नाहीत, हे त्यांना आधीच सांगा. पूल बहुतेक ठिकाणी गरम केलेला नसतो, त्यामुळे पाणी थोडं गार लागेल. मुलांना त्याचं काही वाटत नाही. वाढदिवस ऑक्टोबरात असो की डिसेंबरात, औक्षण टस्कनीत करा आणि शांत-पूजा तिथीला पुण्यात. पंचाहत्तरीचं कौतुक दोनदा झालं म्हणून कुणी तक्रार करणार नाही.

पूल म्हटला की तीन वर्षांचं पोर आलंच. खासगी पुलावर जीवरक्षक नसतो आणि कुंपण असेलच असं नाही. कुंपण किंवा कुलपाचं झाकण आहे का, हा प्रश्न जिन्याच्या प्रश्नाइतकाच आधी विचारा. सगळे मोठे पुलाभोवती बसलेले असतात तेव्हाच मूल पाण्यात जातं, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. तासातासाला एकाचं नाव ठरवा, आणि त्या तासात त्याच्या हातात वाइनचा ग्लास नको आणि फोनही नको.

आता पैसे. तुमच्या यजमानांना लागलं ते मला कळतं. थोरल्याने धाकट्याचा पाहुणा व्हायचं, हे सोपं नाही. पण भाड्याचे तीन वाटे करून डॉलर आणि रुपयाला एकाच तराजूत बसवण्यात शहाणपण नाही. घराचं भाडं दिरांना भरू द्या. व्यवहारालाही ते सोयीचं : पुण्यातून परदेशी रक्कम पाठवायची तर बँकेचे फॉर्म आले, आणि रक्कम मोठी असेल तर टीसीएसची (बँकेने आधीच वसूल केलेल्या कराची) कपात आणि मग विवरणपत्रात परतावा मागणं आलं. आई-बाबांची तिकिटं, व्हिसा, विमा आणि पुण्यातला समारंभ तुमच्याकडे. गाड्या नणंदेकडे. स्वयंपाकी आणि बाहेरची जेवणं तिघांत सारखी. हे निघण्याआधी लिहून एकमेकांना पाठवा. आणि ज्याने भाडं भरलं त्यानेच मोठी खोली घ्यायची, असा नियम होऊ देऊ नका. तळमजल्याची खोली आई-बाबांची, बाकीच्या खोल्या तिघा भावंडांनी चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात.

भाड्याशिवायचे खर्च जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात असतात. शेवटची साफसफाई, कधीकधी वीज आणि हीटिंग, पुलाचे टॉवेल, माणशी दर रात्रीचा मुक्कामकर (तो गावागणिक बदलतो आणि जागेवर भरावा लागतो), आणि अनामत, जी मोडतोड नसेल तर परत मिळते. पोचल्या दिवशी घरभर फिरून आधीच फुटलेल्या, चिरलेल्या वस्तूंचे फोटो काढून मालकाला पाठवून द्या. बुकिंगला साधारण पाव ते तिसरा हिस्सा द्यावा लागतो आणि उरलेली रक्कम काही आठवडे आधी. घर खरंच अस्तित्वात आहे का, याची एक सोपी खूण : 1 जानेवारी 2025 पासून इटलीत पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांना राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतो, त्याला सीआयएन म्हणतात, आणि तो जाहिरातीत छापणं बंधनकारक आहे. क्रमांक नाही, भाडं संशयास्पद कमी आणि “वेबसाइटवरून नको, थेट माझ्या खात्यात पाठवा” असा आग्रह, हे तिन्ही एकत्र दिसलं की तिथून उठा.

गाडी तुमच्या यजमानांनी चालवू नये. रागावू देत. उजव्या बाजूची वाहतूक, कच्चे रस्ते, अनोळखी वळणं आणि मागे बसून सूचना देणारे वडील, हे सुट्टीत कशाला? दीर आणि नणंद दोघेही रोज उजव्या बाजूनेच चालवतात. दिरांनाही अमेरिकन परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागेल, तो तिकडूनच काढून आणायचा. साध्या परवान्यावर चालकासकट नऊजणांची गाडी चालते, पण नऊ माणसं आणि आपल्या बॅगा एका गाडीत मावत नाहीत. दोन गाड्या लागतील. ऑटोमॅटिक हवी तर लवकर सांगा, तिथं गिअरच्याच गाड्या जास्त. आणि फ्लॉरेन्स, सिएना, लुक्का, पिसा यांच्या जुन्या भागांत झेडटीएल असतं, म्हणजे परवानगीशिवाय गाडीला बंदी. अडवायला पोलीस नसतो, फक्त कॅमेरा. दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं, आणि गाडी भाड्याने देणारी कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवल्याचे वेगळे पैसे कापते. गाडी तटाबाहेर लावा आणि चालत आत जा.

आणि रोज एक शहर असा कार्यक्रम आखू नका. विला घेऊन दिवसभर गाडीत बसणारी कुटुंबं मला कधी कळलेली नाहीत. एक दिवस बान्यो विन्योनी पाहा, तिथं गावाचा चौक म्हणजे गरम झऱ्याचं चौकोनी तळं आहे. त्यात उतरायला बंदी, पण खाली ओढ्यात पाय सोडून बसता येतं आणि सासूबाईंना तेच हवं असेल. एक दिवस सान गाल्गानो, सपाट शेतात उभा असलेला बिनछपराचा मठ. एक दिवस ज्यांना हवं त्यांनी फ्लॉरेन्स गाठावं, बाकीच्यांनी झोपावं.

व्हिसाचं आजच सुरू करा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यासाठीच्या अपॉइंटमेंट लवकर संपतात, म्हणून उशीर नको. मोठ्यांना 90 युरो, 6 वर्षं पूर्ण ते 12 च्या आतल्या मुलांना 45, आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा. सासू-सासऱ्यांच्या विम्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत का, तेवढं वाचून घ्या. दिरांचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर त्यांनाही अमेरिकेतून व्हिसा काढावा लागेल, हे अमेरिकेत राहणाऱ्यांच्या लक्षात हमखास उशिरा येतं. नणंदेकडे जर्मनीचा रहिवासी परवाना आहे, तिला लागणार नाही. घराच्या करारात व्हिसा नाकारला गेल्यास किती रक्कम परत मिळेल, ते विचारा. अनेकदा काहीच मिळत नाही, म्हणून ते आधी कळलेलं बरं.

सामानाचंही आधीच बघा. भारतातून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यात तूप आलं, पेढे आले, काजूकतलीही दुधाची असेल तर तीही आली. ताज्या फळा-पाल्यालाही प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे कढीपत्ता नाही आणि सासऱ्यांसाठी हापूसची पेटीही नाही. नारळ चालतो, हे औक्षणाच्या तबकासाठी लक्षात ठेवा. मसाले, पोहे, मेतकूट, लोणचं, थालीपिठाची भाजणी तुम्ही न्या. तूप, कढीपत्ता, कोथिंबीर, कणीक नणंद श्टुटगार्टहून गाडीने आणेल. ऑस्ट्रियामार्गे आली तर सगळा रस्ता युरोपीय संघाच्या आतलाच आहे.

ता.क.मध्ये तुम्ही विचारलंय की प्रेशर कुकर न्यावा का. एकच न्या, पाच लिटरचा, चेक-इन बॅगेत, आत कपडे भरून. पण आधी मालकाला विचारा शेगडी गॅसची आहे की इंडक्शनची, कारण साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापणार नाही. आणि घराची वीजजोडणी किती किलोवॅटची आहे तेही विचारून घ्या. इटलीत घरगुती जोडणी सहसा तीनच किलोवॅटची असते. ओव्हन, वॉशिंग मशीन आणि इंडक्शन एकदम चालू केलं की मीटर पडतो आणि अंधारात तो वर करायला कुणाला तरी अंगणाच्या टोकापर्यंत जावं लागतं. ते काम मोठ्या सुनेचं नाही.